मॉरिशसच्या मराठी पोरांनी शाळेत क्रिओल घेतली तर बिघडलं कुठे?

रानवारा: मॉरिशसमध्ये प्राथमिक शाळेत मुलाला एक ऐच्छिक भाषा घेता येते. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी वगैरे. २०१२ पासून त्या यादीत क्रिओल, म्हणजे तिथली रोजची बोलीभाषाही आली, आणि ती मराठीच्या मुळावर उठल्याची ओरड सुरू झाली. मला हे पटत नाही. मळ्यांवर मजुरीला गेलेल्या कोकणी माणसांची आजची पिढी घरात क्रिओलच बोलते, भांडतेही क्रिओलमध्येच. पोर आईकडे खाऊ मागतं त्या भाषेला शाळेत दाराबाहेर उभं करायचं? मराठी बुडाली असेल तर ती घरात बुडाली, वर्गात नव्हे.

कडूनिंब: घरी येतेच, मग शाळेत कशाला? शेवटी ती मोडकी फ्रेंच. परीक्षा इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये. पोटापाण्याचं बघा जरा.

भाषावेडी: मोडकी कशी हो? 'मो मांझे' म्हणजे मी खातो. 'मो ती मांझे' खाल्लं, 'मो पे मांझे' खातोय, 'मो पू मांझे' खाणार. माणूस बदलला तरी क्रियापद तेच. पण पुढे कर्म आलं की 'मांझे'चं 'मांझ' होतं: 'मो मांझ दिपँ', मी पाव खातो. हे नियम फ्रेंचचे नाहीत, पण आहेत चांगले काटेकोर. फ्रेंच मळेवाले आणि मादागास्कर, पूर्व आफ्रिकेतून आणलेले गुलाम यांच्यात ही भाषा घडली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं तरी ती हलली नाही. १८३४ पासून आलेल्या भारतीय मजुरांनीही तीच उचलली. २०११ मध्ये तिची लेखनपद्धतीसुद्धा ठरली.

वाक्वाचे काका: मी इथलाच, मॉरिशसमधल्या वाक्वाचा. गणपतीत आमच्याकडे आरती मराठीत, जाखडीची गाणी मराठीत. प्रसाद वाटायला लागलो की सगळी बडबड क्रिओलमध्ये. नातवाला आरती तोंडपाठ आहे, आणि अर्थही सांगतो, कारण शाळेत मराठीचा तास आहे. तो गेला की नुसती पोपटपंची. क्रिओलला वाढायला शाळा लागत नाही, मराठीला लागते. एवढंच माझं म्हणणं.

रानवारा: काका, मुद्दा वजनदार आहे. पण एका तासासाठी दोघींची झुंज लावायचीच कशाला? क्रिओल त्या यादीतून काढा आणि शिकवण्याचं माध्यम करा. सेशेल्स या दुसऱ्या बेटदेशाने आपल्या क्रिओलबाबत १९८२ मध्ये प्राथमिक शाळेत तेच केलं. मराठीचा तास आपोआप मोकळा!

कडूनिंब: सेशेल्सची वस्ती जेमतेम लाखाच्या घरात, तिथलं इथे कसं लावणार? इथे क्रिओल माध्यमाचं नाव काढलं की आफ्रिकी वंशाच्या समाजाचे लाड चाललेत म्हणून गहजब होतो. बोलतात सगळे, पण आपली म्हणायला अर्धे कचरतात.

भाषावेडी: सगळेच नाही हं. देव विरासामी तेलुगू घराण्यातले, पण जन्मभर क्रिओलमध्ये नाटकं लिहिली. शेक्सपिअरसुद्धा क्रिओलमध्ये आणला.

वाक्वाचे काका: विरासामी मोठेच, वाद नाही. पण रानवारा, तास मोकळा झाला तरी बसणार कोण त्यात? जानेवारीत वर्ग भरतात, तेव्हा मराठीला नाव घालायला आईबाप यायला हवेत. तुमच्या ओळखीचे इथे कुणी असतील तर त्यांना आधी फोन लावा. माध्यमाचं नंतर बघू.