मोजणी, चार्ज आणि सही: तुमचे अनुभव लिहा

आज गोदामात नव्या मुलीने खोकी न मोजताच जीआरएनवर (माल मिळाल्याच्या पावतीवर) सही केली आणि एकदम बाबा आठवले. ते पोलीस ठाण्याचे प्रमुख होते. नवीन ठाण्याचा चार्ज घेताना एकेक बंदूक हातात घेऊन नंबर रजिस्टरशी ताडून बघायचे. गोळीबाराच्या सरावानंतर रिकाम्या पुंगळ्यासुद्धा मोजून जमा करून घ्यायचे. "सही केली की माल तुझा," म्हणायचे. साठ्याच्या कामात मला १२ वर्षं झाली, आज तिलाही तेच सांगितलं. तुमच्यापैकी कोणी अशी कामं केलीत?

*रातपाळी*
बंदुकांचं ठीक आहे ताई, पण ड्यूट्या लावणं! बंदोबस्त लागला की रजा रद्द, आणि त्यावर सही माझी. एका शिपायाच्या बहिणीचं लग्न होतं. काही बोलला नाही, सॅल्यूट मारून गेला. अजून डोळ्यासमोर आहे.

*बिनकार्ड*
सिस्टीमला ४८, रॅकवर ४७. दोन रात्री शोधलं. खोकं शेजारच्याच बिनमध्ये (रॅकच्या कप्प्यात) होतं, लेबल भिंतीकडे. तेव्हापासून वर्षाअखेरीची वाट बघत नाही, रोज थोडं मोजतो, महागडा माल जास्त वेळा. फरक ताजा असला की सापडतो, त्या दिवशीची मालाची चलनं आणि माणसं समोर असतात.

*सांजवेळ*
@रातपाळी दादा, तो नंतर भेटला का?

*रातपाळी*
हो, माझ्या बदलीच्या दिवशी मीच विषय काढला. म्हणाला, "साहेब, तेव्हा तुम्हीपण दोन रात्री घरी गेला नव्हतात."

*जुनी किल्ली*
मी मुद्देमालाची खोली सांभाळली. तिथे आधी आलेला माल आधी बाहेर असं काही नसतं, कोर्टाचा आदेश येईपर्यंत वस्तू तिथेच. सील, नंबर, कोणी कोणाकडे दिली त्याची नोंद. एका लहान मुलाच्या चपला होत्या. चिठ्ठीवरची शाई उडायला लागली, तेव्हा जुनी न काढता शेजारी नवी बांधली, तारीख घालून सही केली. तो जोड नीट राहावा असं फार वाटायचं.

*पानगळ*
आमचं औषधांचं गोदाम, म्हणजे आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर. जुनी किल्ली, वाचून गलबललं. बाकी शिडी चढून गुडघे गेलेत, बूट सुचवा कोणीतरी.

*धागाकर्ती*
मऊ तळव्याचे घ्या आणि संध्याकाळी घालून बघा, तोवर पाय सुजलेले असतात. बाकीच्यांना नंतर लिहिते, गाडी लागलीय खाली करायला.