२५० ग्रॅमच्या आतला ड्रोन म्हणजे जगभर मोकळं रान नव्हे

रंकाळावाला: काल एका भटक्या भावानं पोस्ट टाकली, "२४९ ग्रॅमचा ड्रोन घ्या, जगात कुठंबी उडवा, कोण इचारत न्हाई." खाली नुसता 'नाद खुळा'चा पाऊस! अहो, युरोपियन युनियनमध्ये पोरांचं खेळणं सोडलं तर कॅमेरा असला की वजन कितीही असू दे, उडवणाऱ्याला नोंदणी करावीच लागते. पहिल्यांदा जिथं उडवणार त्या देशात एकदा केली की सगळीकडं चालते; नंबर ड्रोनवर चिकटवायचा, १२० मीटरच्या वर न्यायचा नाही. जपानमध्ये जून २०२२ पासून १०० ग्रॅमलाच नोंदणी लागते. मोरोक्कोत तर पर्यटकानं ड्रोन न्यायचाच नाही, विमानतळावरच काढून घेतात.

शूटिंगवाला_भावा: पाठ करून आलायसा जणू. मी इटलीत समुद्राकाठी बिनधास्त उडवला, शेजारी पोलीस आईस्क्रीम खात हुता. काय झालं न्हाई.

रंकाळावाला: सापडला नाहीस एवढंच. आपल्याकडं नो-एंट्रीतनं रोज गाड्या जातात, म्हणून ती एंट्री होते का?

उजळाईवाडीकर: परत येतानाचं कोणच बोलंना! ९ फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरचा तयार ड्रोन भारतात आणायला बंदी आहे. इथनंच नेलेला असला तरी जाताना कस्टमकडनं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. आमच्या मेव्हण्यानं केलं नव्हतं. बसवून ठेवला. शेवटी जुन्या बिलाचा फोटो बायकोच्या मोबाईलमध्ये घावला तेव्हा सुटला.

पन्हाळकर_काका: जपान-इटली राहू द्या बाजूला. आधी लग्नातली ही घरघर बंद करा! पुतणीच्या लग्नात ऐन 'सावधान'ला ते यंत्र डोक्यावर. मंगलाष्टका ऐकू येईनात, टाकलेल्या अक्षता वाऱ्यानं उलट्या भटजींच्या तोंडावर. आणि पन्हाळ्यावर तीन दरवाज्याला रविवारी प्रीवेडिंगवाल्यांमुळं सुखानं उभं राहायची सोय नाही.

शूटिंगवाला_भावा: काका, मागतं कोण ड्रोन? पॅकेज ठरवताना नवरीचे मामाच पहिला प्रश्न विचारत्यात, "ड्रोन हाय न्हवं?" न्हाई म्हटलं की दुसरा फोटोग्राफर.

उजळाईवाडीकर: मग पायलट सर्टिफिकेट काढलंय का? धंद्याला २५० ग्रॅमच्या वरचा उडवायचा तर लागतं. आणि विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये विनापरवाना फक्त २०० फूट. त्याच्याही आत यायचं तर कुठं उडवायला चालतं त्या झोनचा नकाशा बघा, परवानगी काढा. हायवेकडच्या लॉनवर किती जण बघतात?

शूटिंगवाला_भावा: २०१९ च्या महापुरात वरनं काढलेले व्हिडिओ तुम्हीच ग्रुपवर फिरवत हुता. तवा झोन आठवला न्हाई!

पन्हाळकर_काका: पूर आणि वरात एकच का रे?

सहल_प्रेमी: भांडण झालं असेल तर एक विचारू? बॅटऱ्या मोठ्या बॅगेत चालतात का?

रंकाळावाला: अजिबात नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, टोकांना टेप लावून. प्रत्येकी १०० वॉट-अवरच्या आत असल्या की अडचण येत नाही.

शूटिंगवाला_भावा: हे मात्र बरोबर सांगितलं. बाकी जपानला जाताना सोनाराचा काटा घिऊन जातो, बास? शनिवारी हातकणंगल्यात हळद हाय, ज्यांना झोन मोजायचा त्यांनी या.

पन्हाळकर_काका: हळदीला पण ड्रोन?