जपानी आयरिस लावायचंय, नवी मुंबईच्या हवेत फुलेल का? कंद घेण्याआधी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

बेलापूरला आमच्या रो-हाऊसच्या मागे छोटीशी बाग आहे. सोनटक्का, कर्दळ, वेखंड, अळू अशी पाण्याची हौस असलेली झाडं तिथे मजेत आहेत. त्यांच्या शेजारी मला जपानी आयरिस लावायचंय. पैसे घालण्याआधी इथल्या जाणकारांना विचारून घ्यावं म्हणून हा धागा. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा द्याल!

आधी नेमकं कोणतं आयरिस ते सांगते, कारण आयरिस म्हणून बाजारात काय वाट्टेल ते विकतात. मला हवंय ते आयरिस एन्साटा, जपानमध्ये ज्याला हानाशोबू म्हणतात ते. थंडीत पुड्यांमधून मिळणारे डच आयरिसचे कांदे नकोत. एका ऑनलाइन विक्रेत्याने 'जपानी आयरिस' म्हणून मला तेच पाठवले होते, वर कागदासारखा पापुद्रा असलेले, लसणीच्या गड्ड्याएवढे. तक्रार केली तर 'फोटो प्रातिनिधिक आहे' एवढंच उत्तर आलं.

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही काही काळ टोकियोत होतो. तिथे मेइजी देवळाच्या आतल्या बागेत जूनमध्ये ही फुलं पाहिली. आपल्याकडे फूल म्हटलं की आपण समोरून बघतो, हे मात्र वरून बघायचं. तळहाताहून मोठं, पाकळ्या जवळजवळ आडव्या पसरलेल्या. जांभळ्या पाकळीवर आणखी गडद शिरा, आणि त्या सगळ्या शिरा बुडाशी एका पिवळ्याधमक पट्ट्यात जाऊन मिळतात. एक फूल तीनेक दिवस टिकतं, मग त्याच दांड्यावरची दुसरी कळी उमलते. पाऊस चालू होता, वाफ्यात घोट्याएवढं पाणी होतं, आणि झाडं खुशीत होती. तेव्हापासून डोक्यात हेच आहे की जे झाड जूनच्या पावसात, पाण्यात पाय बुडवून फुलतं, ते आपल्या कोकणच्या पावसात का फुलू नये?

मग वाचायला लागले. या फुलाचे बहुतेक जुने वाण जपानच्या एदो काळातले (1603–1868). मात्सुदाइरा शोओ (1773–1856) नावाच्या एका सरदाराने आयुष्यभर बियांपासून रोपं करून, त्यातली निवडून निवडून शेकडो वाण तयार केले. त्यांच्याकडची रोपं हिगोला, म्हणजे आजच्या कुमामोतोला गेली, आणि तिथल्या लोकांनी ती कुंडीत वाढवून, फुलं आली की घरात आणून बघायची पद्धत पाडली. हे वाचून मला फार धीर आला. म्हणजे कुंडीत लावणं ही आपली शहरातली तडजोड नाही, हिगो वाण मुळात त्यासाठीच घडवलेत.

आता माझ्या जागेबद्दल. सकाळी सातपासून साधारण एकपर्यंत चांगलं ऊन येतं, नंतर शेजारच्या इमारतीची सावली. पावसाळ्यात छपराच्या पागोळ्या नेमक्या त्याच कोपऱ्यात पडतात, जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाणी साचूनच असतं. माती मात्र संशयास्पद आहे. खणलं की विटांचे तुकडे आणि प्लास्टरचे पोपडे निघतात. कागदी पट्टीने तपासलं तर पीएच आठच्या जवळ दाखवतो. त्या कोपऱ्यातल्या अनंताची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जपानी आयरिसला आंबट माती लागते, साडेपाच ते साडेसहा पीएचची, आणि चुना अजिबात चालत नाही असं सगळीकडे लिहिलंय.

तर मला विचारायचंय ते असं. इथल्या हवेत कुणी हे झाड फुलवलंय का? माती दुरुस्त करावी की सरळ कुंडीत लावावं? आणि खरे कंद भारतात मिळवायचे कसे? माझी नणंद नागोयाला असते, ती डिसेंबरमध्ये येणार आहे, चार कंद बॅगेत घालून आणते म्हणाली. शिवाय आत्ता सप्टेंबर संपत आला, लगेच लावावेत की थांबावं?

– बेलापूरकरीण

कोलशेतकर:

ताई, झाड तुम्हाला मनापासून आवडलंय हे दिसतंय, म्हणून स्पष्ट लिहितो. पावसाचा तुमचा हिशोब बरोबर आहे. वाढीच्या दिवसांत या झाडाला पाणी कितीही चालतं. अडचण थंडीची आहे. हे मूळचं जपान, कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाच्या पूर्व टोकाकडचं. तिथे हिवाळ्यात पानं पूर्ण वाळतात, कंद जमिनीत झोपतो आणि त्या झोपेनंतर फुलाचा दांडा येतो. टोकियोत जानेवारीच्या पहाटे पारा शून्याच्या आसपास असतो. आपल्याकडे ठाण्या-बेलापुरात रात्रीचा पारा पंधराच्या खाली गेला की आपण स्वेटर काढतो. इथे हे झाड झोपतच नाही. बारा महिने थोडी थोडी पानं काढत राहतं आणि दोन-तीन वर्षांत खंगतं. नुसती पानं बघायची असतील तर तुमचं वेखंड काय वाईट आहे? लांबून पानं सारखीच दिसतात.

तरी करायचंच असेल तर थंडी आपण द्यायची. नोव्हेंबरअखेर पानं वीतभर ठेवून कापा, कंद मुळांसकट काढून धुवा, ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) गुंडाळून भोकं पाडलेल्या पिशवीत घाला आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात चार-पाच अंशांवर दोन-अडीच महिने ठेवा. कोकोपीट पिळलं तर पाणी टपकता कामा नये, पण कोरडंही पडू द्यायचं नाही. त्या कप्प्यात सफरचंदं आणि केळी ठेवू नका, पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू आतला कोंब बिघडवतो. फेब्रुवारीच्या मध्यावर कुंडीत लावायचे. हे दरवर्षी करावं लागेल. पहिल्या वर्षी फुलाची आशा धरू नका, नुकता विभागलेला कंद थंड देशांतसुद्धा पहिल्या वर्षी कमीच फुलतो.

घणसोलीचा माळी:

मातीबद्दल बोलतो. तुमच्या कोपऱ्यात डेब्रिजचा भराव आहे, नवी मुंबईत बऱ्याच सोसायट्यांत तेच निघतं. प्लास्टर-सिमेंटमधला चुना वर्षानुवर्षं मातीत उतरत राहतो. तुमचा अनंत तेच सांगतोय, मातीत लोह असतं पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. ती माती सुधारायच्या फंदात पडू नका. व्हिनेगर ओतून पीएच आठवडाभर खाली येतो आणि परत चढतो. कुंडीच घ्या, पण सिमेंटची नको, तिच्यातूनही चुना सुटतो. प्लास्टिकची बारा इंची कुंडी किंवा ग्रो बॅग बरी.

भरायला बदलापूर-कर्जतकडून येणारी लाल माती निम्मी, बाकी पानांचं कुजलेलं खत आणि धुतलेलं कोकोपीट. कंद दोन इंच खोल लावा. या झाडाची नवी मुळं दरवर्षी जुन्या मुळांच्या वर फुटतात, म्हणून कंद हळूहळू वर येतो आणि उघडा पडतो. शिवाय ते खादाड आहे, माती लवकर खाऊन टाकतं. म्हणून कुंडीतली माती दरवर्षी किंवा वर्षाआड पूर्ण बदलायची. नाहीतरी तुम्ही फ्रिजसाठी कंद काढणारच आहात, तेव्हाच बदला.

खत म्हणून सरकी पेंड द्या, गुरांच्या खाद्याच्या दुकानात मिळते. मूठभर, महिन्यातून एकदा, पण नवीन कंदाला मुळं धरेपर्यंत काहीही नको. अंड्याची टरफलं, राख आणि बोनमील (हाडांचा चुरा) या कुंडीच्या आसपासही फिरकू देऊ नका. तिन्हींत चुना आहे, आणि घरातलं कुणी ना कुणी प्रेमाने नेमकं तेच आणून टाकतं. पाणी पालिकेच्या नळाचं चालेल, टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी नको. पावसाचं साठवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

बेलापूरकरीण:

दोघांचेही मनापासून आभार! डेब्रिजचं लक्षातच आलं नव्हतं, आता अनंतही कुंडीत हलवते. थंडीचं वाचून वाईट वाटलं, पण फ्रिजचा प्रयोग मी करणार. भाजीचा कप्पा अडवायला सासूबाईंनी परवानगी दिलीय, फक्त पिशवीवर मोठ्या अक्षरात 'हे आलं नव्हे' असं लिहून ठेव म्हणाल्या.

एक शंका आहे. कुंडी पाण्याच्या घमेल्यात ठेवावी असं वाचलंय, पण आमच्याकडे डेंग्यूसाठी पालिकेचे लोक गॅलऱ्या-गच्च्या तपासायला येतात. साचलेलं पाणी ठेवायचं कसं?

घणसोलीचा माळी:

घमेलं फक्त कळी धरण्याच्या काळात, मार्च ते मे. आठवड्यातून एक दिवस ठरवून ते पूर्ण ओता, आतून खरवडून घासा, दुपारभर उन्हात पालथं ठेवा. डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा नेम मोडला नाही तर काळजी नाही. मोठं टाकं करणार असाल तर गप्पी मासे सोडा. पाऊस सुरू झाला की घमेल्याची गरजच उरत नाही. तेव्हा गोगलगायींवर लक्ष ठेवा. आफ्रिकन गोगलगाय एका रात्रीत कोवळा कोंब संपवते. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन वेचायच्या, हातात पिशवी घालून.

नेरूळची कुंडीवाली:

नणंदबाईंना आधी फोन करा! बॅगेतून कंद आणायचे नाहीत. आपल्याकडे 2003 चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे. लागवडीसाठी आणलेल्या कंदाला आपला आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतं. विमानतळावर कंद जप्त होतील हा भाग वेगळा, पण मातीबरोबर एखादी कीड आली तर आपल्याच हळद-आल्याच्या शेतकऱ्यांना त्रास. चार फुलांसाठी तो धोका कशाला घ्यायचा?

देशातच शोधा. कालिंपाँग आणि हिमाचलकडचे रोपवाटिकावाले थंड हवेतली झाडं कुरिअरने पाठवतात. मागवताना शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि त्यांच्या स्वतःच्या बागेतला, पानांसकट फोटो मागा. इंद्रधनुषी किंवा काळ्या फुलाचा फोटो पाठवला तर तिथेच थांबा. बियाही घेऊ नका. बी रुजवून फूल यायला दोन-तीन वर्षं जातात आणि वाणाचं फूल बियांतून जसंच्या तसं येत नाही.

माल आला की कंद बघा. खरा कंद बोटाएवढा, आडवा वाढणारा, खाली तंतूंसारख्या मुळांचा झुपका. पान असेल तर अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं आडवी फिरवा, मधोमध उठलेली शीर बोटाला लागली पाहिजे. कडेच्या पाण्यातलं दुसरं जपानी आयरिस, काकित्सुबाता, त्याचं पान गुळगुळीत लागतं. पिवळ्या पाणआयरिसलाही शीर असते, पण त्याचं पान रुंद आणि करडट हिरवं. ते मिळालं तर बागेत मोकळं सोडू नका, ओढ्यानाल्यात पसरतं. कंद पोटात गेला तर उलट्या होतात, घरात मांजर-कुत्रा किंवा लहान मूल असेल तर जपा.

आत्ता अजिबात मागवू नका. ऑक्टोबरचं ऊन आणि कुरिअरचा बंद खोका, कंद येईपर्यंत शिजून निघेल. डिसेंबरच्या सुरुवातीला मागवा. तोवर डोंगरात पानं वाळून कंद झोपलेले असतात आणि थोडी थंडी तिथेच मिळालेली असते. आल्यावर रात्रभर पाण्यात ठेवा आणि मग फ्रिजमध्ये.

शिवाय एक सुचवते. प्रयोग चालू असेपर्यंत शेजारी वॉकिंग आयरिस लावून टाका, आपल्या नर्सऱ्यांत सहज मिळतं. खरं आयरिस नव्हे, त्याच कुळातलं ब्राझीलकडचं झाड आहे, आपली हवा त्याला मानवते. फूल एकच दिवसाचं, पांढरं-निळं. नंतर दांडा वाकून जमिनीला टेकतो आणि टेकलेल्या जागी नवं रोप धरतं. उन्हाला टिकणारं हवं असेल तर नारिंगी, लाल ठिपक्यांचं आयरिस डोमेस्टिका बघा. आधी त्याला बेलमकांडा म्हणायचे, अजूनही त्याच नावाने विकतात.

बेलापूरकरीण:

नणंदेला कळवलं. ती म्हणाली, मग जूनमध्ये कुमामोतोला जाऊन फोटो काढून पाठवते.

माझं ठरलं ते असं. वॉकिंग आयरिस या शनिवारीच आणते. अनंत आणि आयरिस दोघांसाठी लाल मातीची पोती मागवते, अनंत आधी हलवते म्हणजे मिश्रण जमलंय की नाही ते त्याच्या नव्या पानांवरून कळेल. डिसेंबरात तीन कंद. दोन फ्रिजमध्ये आणि एक फ्रिजशिवाय थेट कुंडीत, म्हणजे थंडीने किती फरक पडतो ते आपल्याच हवेत समजेल. दर महिन्याला इथेच फोटो टाकत जाईन, दांडा आला तरी आणि नाही आला तरी.

कालिंपाँगच्या एका रोपवाटिकेशी बोलणं चालू आहे. त्यांनी पानाच्या शिरेचा जवळून घेतलेला फोटो पाठवलाय, पुढच्या प्रतिसादात चिकटवते, कुंडीवाली ताई, जरा बघून सांगाल का? कुरिअरचा खर्च बराच आहे. ठाणे, ऐरोली, वाशी, पनवेलकडच्या कुणाला सोबत मागवायचे असतील तर दिवाळीच्या आत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कंद बेलापूर स्टेशनवर आणून देईन.

कोलशेतकर:

माझे दोन धरा. माझा फ्रिज जुना आहे, भाजीच्या कप्प्यात आठ अंशांच्या खाली जात नाही, तेव्हा थर्मामीटर ठेवून आधी आठवडाभर बघतो. तुम्हीही बघा, कप्प्याच्या मागच्या भिंतीला चिकटून पिशवी ठेवली तर कंद गोठतो.