अनुभव धागा : कुटुंब योजनेत आहे, पण लेकराचं नाव कार्डावर आहे का?

धागाकर्ती (शिक्षिका, परभणी जिल्हा)

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ज्यांनी लेकरांचे उपचार करून घेतले, किंवा जे करू शकले नाहीत, त्या आईबापांचे अनुभव एका जागी यावेत म्हणून हा धागा काढते आहे. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वर्गात दरवर्षी एखादं तरी लेकरू असं असतं की त्याला ऑपरेशन सांगितलेलं असतं, घरी पिवळं नाहीतर केशरी रेशनकार्ड असतं आणि तरी सगळं अडून बसलेलं असतं. कार्ड उघडून बघावं तर त्यात वारलेल्या आजोबांचं नाव, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची नावं. लेकराचं तेवढं नाही.

ही योजना आपल्याकडं नवी नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत मराठवाड्यातले आठही जिल्हे, म्हणून इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही बाकीच्यांच्या आधी घेतलं. १ जुलै २०२४ पासून कुठल्याही रंगाचं कार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. म्हणजे कुटुंब बसतं की नाही हा प्रश्न जवळजवळ मिटला. लेकरू त्याच कुटुंबातलं आहे हे कागदावर दाखवायचं मात्र राहूनच जातं.

लेकराला काय झालं होतं, कागद कुठं अडला आणि कसा सुटला, एवढं लिहा. तक्रार लिहिताना दवाखान्याचं, हापिसाचं नाव नको.

हिंगोलीकर

आमच्या पोरीच्या हृदयाला छिद्र होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. दूध पिताना दमायची, कपाळावर घामाचे थेंब यायचे. घरात सगळे म्हणायचे, उन्हाळा आहे. अंगणवाडीत तपासणीची गाडी आली तेव्हा डॉक्टर मॅडमनी छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. मग सोबतच्या डॉक्टरांना हाक मारून त्यांनाही ऐकायला लावलं. तिथून जिल्हा रुग्णालय, टुडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि ऑपरेशनचा कागद.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, २०१३ पासून चालू आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, १८ वर्षांपर्यंतची लेकरं बघतं. त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, मामाच्या गावाला पाठवू नका.

आमचं अडलं जन्मदाखल्यावर. बारशाच्या आधी नोंद झालेली, म्हणून नावाचा रकाना कोराच. मी तीन वर्षं तो दाखला पिशवीत जपून ठेवला होता, कोऱ्या रकान्यानं काही बिघडेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. जिथं जन्म नोंदवला तिथंच नाव घालून मिळतं. वर्षाच्या आत फुकट, नंतर थोडी फी भरून, १५ वर्षांपर्यंत. नाव चढलं, मग रेशनकार्डावर चढलं, मग ऑपरेशन झालं. ऑपरेशनला आमचा एक रुपया लागला नाही. यंदा ती पहिलीत बसली.

आशाताई, बीड जिल्हा

मॅडम, धागा काढलात हे फार चांगलं केलं. आमच्या ऊसतोडीच्या गावांचं दुखणं वेगळं हाय, तेवढं सविस्तर लिहिते.

दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. पोटुशी बाई सुद्धा कोयत्यावर जाते, कारण मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक माणूस गळाला तर जोडी मोडते. बाळंतपण होतं कारखान्याच्या गावाला, कधी दवाखान्यात, कधी कोपीतच, म्हणजे फडावरच्या झोपडीत. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच करायची असते, २१ दिवसांत. पण २१ दिवसांत टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते. गुढीपाडव्याच्या सुमाराला माणसं घरी येतात तेव्हा लेकरू बसायला लागलेलं असतं आणि त्याचा एकही कागद नसतो. वर्ष उलटलं की साधी नोंद होत नाही, दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यासाठी जन्म झाला त्या जिल्ह्यात जायचं, म्हणजे मजुरी बुडवून सांगली-कोल्हापूर गाठायचं. कोण जाणार?

एका बाईचं लेकरू पाऊल वाकडं घेऊन जन्मलं. असं पाऊल प्लास्टर बांधत बांधत सरळ होतं, पण ते लहानपणीच सुरू करावं लागतं. आईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती त्याच्या पायाला रोज तेल लावून ओढायची. मी तिच्या मोबाइलमधून तिकडच्या आशाताईचा नंबर काढला, कारण बाळंत झाली तेव्हा त्या ताईनं लस टोचायला बोलावलं होतं. त्या ताईनं तिकडच्या ग्रामपंचायतीत उभं राहून नोंद शोधून दिली. नोंद दवाखान्यानं केलेलीच होती, दाखला घ्यायला कुणी गेलं नव्हतं एवढंच! आता त्याचं प्लास्टर चालू आहे.

तेव्हापासून फडावर निघणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईच्या माता-बाल कार्डाच्या मागच्या बाजूला मी माझा नंबर ठळक लिहून देते आणि सांगते, बाळंत झालीस की पहिला फोन मला. दाखला घेतल्याशिवाय ते गाव सोडायचं नाही.

जालनेकर

आमचं कपड्याचं दुकान आहे, कार्ड पांढरं. लेकाला कानाचं ऑपरेशन सांगितलंय. आम्हाला चालेल का? दुकानदार म्हणून नाही म्हणतील का?

आरोग्यमित्र होतो (लातूर जिल्हा)

दादा, चालतं. धंदा कुणी विचारत नाही. कार्डावर लेकाचं नाव आहे का तेवढं आज बघा, आणि ते ऑपरेशन योजनेच्या यादीत आहे का आणि कुठल्या रुग्णालयात होतं हे १५५३८८ ला विचारा. काही उपचार फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत, म्हणून आधी विचारलेलं बरं.

मी काही वर्षं एका रुग्णालयात योजनेच्या टेबलावर बसायचो. आईबाप लेकराला खांद्यावर घेऊन उभे आणि मी कागद मागतोय, हे रोजचं होतं. तिथं बसून जे दिसलं ते लिहितो.

नावाचा घोळ सगळ्यात जास्त. कार्डावर 'माऊली', आधारवर 'ज्ञानेश्वर', जन्मदाखल्यावर आणखी काही. घरात ज्या नावानं हाक मारतात तेच कुणीतरी फॉर्मवर सांगून आलेलं असतं. मोठ्या माणसाला शपथपत्र करायला सांगता येतं. काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळाच्या बापाला ते सांगताना जीभ रेटत नव्हती.

नवजात बाळाचं नाव कार्डावर असणं शक्यच नसतं. आमच्याकडं जन्माचा दाखला, आईबापाचं कार्ड आणि बाळासोबत आईचा किंवा बापाचा फोटो घेऊन मंजुरी मिळायची. पण हे माहीत नसलेले नातेवाईक रात्रीत सोनाराकडं जाऊन आलेले मी पाहिलेत. तातडीचं असेल तर फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात. 'आधी कागद, मग भरती' असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथं १५५३८८ लावा.

'आत्ता डिपॉझिट भरा, योजनेत बसलं की परत करू' असं सांगितलं तर पावती मागा. योजनेत बसलेल्या उपचाराला पैसे घ्यायचे नसतात. भरती असेपर्यंतचं रुग्णाचं जेवण आणि घरी परतायचं भाडंही योजनेत धरलेलं असतं. ते हक्कानं मागा, लाजू नका.

ई-सेवा केंद्रवाला, नांदेड

आरोग्यमित्र भाऊंच्या लिहिण्यात माझी भर. पाच वर्षांच्या आतल्या लेकराचं आधार आईबापाच्या आधाराला जोडून निघतं, त्यात बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाली की ठसे आणि डोळ्यांची नोंद करायची, पंधराव्या वर्षी पुन्हा करायची. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात ती मोफत आहे. वयाची सात वर्षं उलटून गेली तरी केली नाही तर आधार बंद पडू शकतं. आणि लोकांना हे कळतं ते योजनेचं कार्ड काढायला आल्यावर.

दुसरं म्हणजे मोबाइल. आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा बापाचं जुनं सिम असतं, रिचार्ज न केल्यानं बंद पडलेलं. ओटीपी त्यावर जातो. लेकराला घेऊन माझ्याकडं यायच्या आधी नंबर चालू आहे का बघा.

योजनेचं हे आयुष्मान कार्ड प्रत्येकाचं वेगळं निघतं, लेकराचंही. बापाचं निघालं म्हणजे घराचं निघालं असं समजून लोक थांबतात.

धाराशिवची आई

माझ्या मुलीला नवव्या वर्षी साखरेचा आजार निघाला, इन्सुलिनचा. ती बेशुद्ध होऊन भरती झाली तेव्हाचा सगळा खर्च योजनेत झाला आणि त्या लोकांचे उपकार मी विसरणार नाही. पण घरी आल्यावर काय? योजना भरती झालेल्या रुग्णाची. रोजचं इन्सुलिन, सुया, साखर बघायच्या पट्ट्या त्यात येत नाहीत. आमच्याकडं फ्रीज नाही. उन्हाळ्यात मी बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून माठात ठेवते आणि माठाभोवती ओलं फडकं गुंडाळते. इन्सुलिन जिल्हा रुग्णालयातून मिळतं, नसलं की विकत. पट्ट्या महाग म्हणून दिवसाला चारदा सांगितलेली तपासणी आम्ही एकदाच करतो.

पुन्हा बेशुद्ध झाली तर सरकार हजारोंचा खर्च करेल, मग ती बेशुद्ध होऊ नये म्हणून लागणाऱ्या पट्ट्या का देऊ नयेत? १८ वर्षांपर्यंतच्या लेकरांना तरी हे योजनेत घ्यावं. लोकप्रतिनिधींना निवेदन देणार असाल तर माझी सही घ्या.

मावशी, जालना जिल्हा

बहिणीचा मुलगा माझ्याकडं आहे. मेहुणे आधीच गेले होते, बहीण कोरोनात गेली. त्यांच्या कार्डावरची मोठ्यांची नावं कमी झाली, मुलाचं नाव कुठंच राहिलं नाही. अनाथालयात असता तर योजनेला पात्र धरला असता, कारण शासकीय अनाथालयांतली मुलं त्यात येतात. नातेवाइकांनी सांभाळला म्हणून तो कुणाच्याच कार्डावर नव्हता. शेवटी बाल कल्याण समितीचा आदेश घेतला तेव्हा माझ्या कार्डावर त्याचं नाव चढलं. कोरोनात असं झालेल्या मुलांना पीएम केअर्समधून १८ वर्षांपर्यंत ५ लाखांचा आरोग्य विमा आहे, हे आम्हाला बालसंरक्षण कक्षात कळलं. कुणाच्या घरात असं लेकरू असेल तर तिथं जाऊन विचारा.

सेलूची सून

माझं नाव अजून माहेरच्या कार्डावर आहे. बाळंतपण माहेरी झालं, दाखला तिथलाच. आता बाळाचं नाव सासरच्या कार्डावर घालायला गेले तर म्हणतात, आधी आईचं नाव आणा. कुठून सुरुवात करू?

धागाकर्ती

ताई, आधी माहेरच्या तहसीलच्या पुरवठा विभागात नाव कमी करून त्याचा दाखला घ्या. मग तो दाखला, लग्नाचा पुरावा आणि तुमचं आधार देऊन सासरच्या कार्डावर नाव चढवा. त्याच अर्जासोबत बाळाचा जन्मदाखला जोडा, म्हणजे दोन्ही नावं एकदमच चढवायला सांगता येईल. जन्मदाखला कुठल्याही गावचा चालतो. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मी स्वतः येत्या जूनपासून पहिलीच्या प्रवेशाला जन्मदाखल्यासोबत रेशनकार्डही बघायला मागणार आहे. नाव नसेल त्या पालकांचे अर्ज शाळेतच भरून घेऊ. धाराशिवच्या ताई, निवेदनाचा मसुदा मी लिहिते, बाकीच्यांनी सूचना द्या.

आशाताई, बीड जिल्हा

मॅडम, हंगामी वसतिगृहात राहणाऱ्या पोरांचे कागद मात्र जूनवर ठेवू नका, दसऱ्याच्या आतच बघा. आईबाप एकदा फडावर गेले की सही करायला माणूस सापडत नाही.