फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीसाठी कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह-स्प्रिंग स्वतः आखाव्यात का?

स्थितप्रज्ञ

फॉर्म्युला भारतसारख्या, विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसगाड्यांच्या स्पर्धांत उतरणाऱ्या अनेक महाविद्यालयीन संघांच्या गाडीत केटीएम ३९० मोटारसायकलचे आधीच्या पिढीतले इंजिन असते. ते चाकणला तयार होते, सुटे भाग पुण्यात सहज मिळतात आणि एकाच सिलिंडरमुळे वजनही आटोक्यात राहते. ८९ मिलिमीटर बोअर, ६० मिलिमीटर स्ट्रोक, ३७३ सीसी, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे) आणि चार व्हॉल्व्ह, असे हे मुळातच तापट इंजिन आहे. त्यासाठी स्वतःचा कॅम आखून घेण्याची कल्पना संघांच्या बैठकीत वरचेवर निघते, आणि माझ्या मते ती तिथेच सोडून द्यावी.

नियमानुसार इंजिनात जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एकाच गोल छिद्रातून, म्हणजे रिस्ट्रिक्टरमधून, गेली पाहिजे. घसाच आवळलेला असताना व्हॉल्व्ह जास्त उचलून आणि जास्त वेळ उघडे ठेवून काय मिळणार? शिवाय स्पर्धेचा मार्ग वळणावळणांचा असतो आणि सर्वोच्च फेऱ्यांवर इंजिन फार थोडा वेळ राहते. तोच वेळ इनटेकची नळी, प्लेनम (रिस्ट्रिक्टरनंतरची हवेची टाकी) आणि ईसीयूचे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचे, मॅपिंग यांवर खर्च केला, तर फळ अधिक आणि धोका कमी.

जडत्व

रिस्ट्रिक्टरचा मुद्दा सगळेच मांडतात, पण हिशेब क्वचितच कोणी करतो. २० मिलिमीटरच्या छिद्रातून हवा ध्वनीच्या वेगाने वाहू लागली की प्रवाह त्यापुढे वाढत नाही, आणि ती मर्यादा सेकंदाला साधारण ७४ ग्रॅम येते. ३७३ सीसीचे इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर, दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा हवा घेते, म्हणजे सिलिंडर पूर्ण भरतो असे धरले तरी सुमारे २८ लिटर किंवा ३३-३४ ग्रॅम. ही मर्यादेच्या निम्मीही मागणी नाही. घसा आवळतो तो ६०० सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनांचा, तोही १२,००० फेऱ्यांच्या आसपास, आणि त्यांच्यासाठी बनलेला समज आपण आपल्या इंजिनाला चिकटवतो.

स्थितप्रज्ञ

हिशेब मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही, कारण तुम्ही सरासरी मांडली आहे. एकाच सिलिंडरचे इंजिन हवा सलग ओढत नाही. क्रँकच्या दोन फेऱ्यांच्या ७२० अंशांपैकी साधारण २४० अंश इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो, तेव्हा त्या काळातला प्रवाह सरासरीच्या तिप्पट, म्हणजे सेकंदाला १०० ग्रॅमच्या घरात जातो. प्लेनम पुरेसा मोठा नसेल, तर प्रत्येक घोटाला रिस्ट्रिक्टर आडवा येतो आणि प्लेनममधला दाब खाली जातो. अशा वेळी ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, मोठा असेल, तर एक्झॉस्टमधला जळका वायू उलटा इनटेककडे वळतो. बाजारातले ‘रेस कॅम’ नेमके मोठ्या ओव्हरलॅपचे असतात.

जडत्व

मग हा स्वतःचा कॅम आखण्याच्याच बाजूचा मुद्दा झाला! बाजारातला कॅम चालत नाही, कारण तो रिस्ट्रिक्टर नसलेल्या इंजिनासाठी घडवलेला असतो. आपल्याला ओव्हरलॅप कमी हवा, इनटेक व्हॉल्व्ह लवकर बंद व्हायला हवा, म्हणजे मधल्या फेऱ्यांवर आत आलेली हवा पिस्टन वर येताना परत ढकलली जाणार नाही, आणि उघडझाप मात्र जलद हवी. ६,००० ते ८,५०० फेऱ्यांच्या पट्ट्यात टॉर्क भरणारा असा कॅम तयार मिळत नाही.

चाकणचा_फिटर

कॅम ग्राइंडिंगच्या खात्यात बराच काळ काढला आहे, म्हणून कागदावर न दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

या इंजिनात कॅम थेट व्हॉल्व्हवर बसत नाही, मध्ये फिंगर फॉलोअर नावाची छोटी पट्टी असते. फॉलोअर एका टोकाशी टेकून फिरत असल्याने लोबचा, म्हणजे कॅमच्या फुगवट्याचा, स्पर्शबिंदू त्याच्यावरून सरकत जातो आणि उचलीचे गुणोत्तर क्षणाक्षणाला बदलते. त्यामुळे व्हॉल्व्हच्या उचलीचा आलेख कितीही सुरेख काढला, तरी लोबचा आकार त्या भूमितीतून उलटा मोजून काढावा लागतो. उघडझाप फार जलद मागितली की लोबच्या कडेला आतल्या बाजूस खोलगट वळण येते. त्या खोलगटीच्या त्रिज्येपेक्षा ग्राइंडिंग चाकाची त्रिज्या लहान असली तरच ती घासता येते. संगणकावर सुंदर दिसणारा लोब घेऊन मुले येतात आणि आमच्या चाकाला तो जमत नाही, असे पुष्कळदा होते.

कोरा तुकडा महाग पडतो म्हणून जुनाच कॅम पुन्हा घासण्याचा मार्ग निघतो. त्यात लोबचे नाक तसेच ठेवून मूळ वर्तुळ लहान केले जाते आणि उचल वाढवली जाते. वर्तुळ जेवढे घटते, तेवढी जाड शिम (अंतर भरणारी चकती) घालावी लागते, हे सगळ्यांच्या लक्षात येते. पण पृष्ठभागावरचा कठीण थर किती उरला, हे कोणी विचारत नाही. तो थर संपला, तर लोब काही तासांत झिजतो आणि त्याची भुकटी तेलात जाते.

सहाव्या_सत्रातली

स्प्रिंगबद्दल कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहिते. आमच्या संघात कॅमचे वेड जेवढे आहे, त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे लक्षही स्प्रिंगकडे जात नाही. ९,५०० वरून १०,५०० फेऱ्यांवर गेलो, तर वेग साडेदहा टक्के वाढतो, पण जडत्वबल वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे २२ टक्के वाढते. लोबचे नाक ओलांडताना व्हॉल्व्हला कॅमशी धरून ठेवण्याचे काम एकटी स्प्रिंग करते. तिचा जोर कमी पडला की व्हॉल्व्ह हवेत तरंगतो आणि मग सीटवर आपटून उसळतो.

उपाय म्हणून जाड तारेची कडक स्प्रिंग घातली, तर घर्षण वाढते, फॉलोअरवरचा दाब वाढतो, आणि पूर्ण उचलीवर वेटोळी एकमेकांना भिडण्याचा धोका येतो. तिथे निदान एक मिलिमीटर मोकळा राहायला हवा. शिवाय स्प्रिंगला स्वतःची वारंवारता असते. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे १०,००० फेऱ्यांवर सेकंदाला ८३ वेळा. स्प्रिंगची नैसर्गिक वारंवारता ५८० हर्ट्झच्या आसपास असेल, तर कॅमच्या गतीची सातवी हार्मॉनिक, म्हणजे सातपट वारंवारता, नेमकी तिच्यावर येऊन बसते आणि वेटोळी आतल्या आत लाटेसारखी हलू लागतात. वर निमुळती होणारी, मधमाशांच्या पोळ्याच्या आकाराची स्प्रिंग याला बऱ्यापैकी आळा घालते आणि तिचा रिटेनरही (स्प्रिंगला व्हॉल्व्हशी जोडणारी चकती) हलका असतो. माझे मत असे की आधी स्प्रिंग आणि हलका रिटेनर ठरवावा, मग त्यांना झेपेल एवढ्याच प्रवेगाचा लोब आखावा. आमच्याकडे क्रम नेहमी उलटा असतो.

स्थितप्रज्ञ

तुमचा क्रम बरोबर आहे, पण त्यातूनच माझी शंका वाढते. जडत्व यांना हवा असलेला कॅम ८,५०० च्या पुढे जाणारच नाही. तेवढ्यासाठी मूळ स्प्रिंगही पुरेल. मग उरतो तो टायमिंगचा प्रश्न, आणि स्प्रॉकेटची भोके लांबट करून इनटेक कॅम काही अंश पुढे घेतला, तर व्हॉल्व्ह लवकर बंद होतो.

जडत्व

बंद लवकर होतो, तसा उघडतोही लवकर, म्हणजे ओव्हरलॅप वाढतो. वर तुम्हीच ज्याला नावे ठेवलीत, तेच इथे पदरात पडते. मूळ स्प्रिंग ८,५०० फेऱ्यांना पुरेल हेही मूळ लोबपुरतेच खरे आहे. उघडझाप जलद केली की त्याच फेऱ्यांवर प्रवेग वाढतो. एक्झॉस्ट कॅमही पुढे घेऊन ओव्हरलॅप सांभाळता येईल, पण मग एक्झॉस्ट लवकर उघडून ढकलण्याचा जोर वाया जातो. उघडणे आणि बंद होणे वेगवेगळे हलवायचे असेल, तर लोब बदलण्यावाचून गत्यंतर नाही. आणि डिझाइन फेरीत १५० गुण असतात. तिथे परीक्षक ‘का’ विचारतात, तेव्हा स्वतः काढलेला आलेख समोर ठेवणारा संघ आणि कॅटलॉग दाखवणारा संघ यांत फरक पडतोच.

चाकणचा_फिटर

परीक्षकांना आलेख दाखवा, पण मोजलेला दाखवा. घासून आलेला कॅम हेडमध्ये बसवून, डिग्री चकती आणि डायल गेज लावून, प्रत्येक दोन अंशांना उचल टिपा आणि ती आखलेल्या आलेखावर ठेवून पाहा. पिस्टनवर प्लॅस्टिसीन थापून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि इनटेकच्या बाजूला दीड, एक्झॉस्टच्या बाजूला दोन मिलिमीटर अंतर उरते का ते कापून बघा. सर्वांत कमी अंतर टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असताना, नसते, त्याच्या दहाएक अंश अलीकडे-पलीकडे असते. एवढे करायला ज्या संघाकडे जानेवारीतल्या स्पर्धेआधी वेळ उरत नसेल, त्याने यंदा मूळ कॅमवरच गाडी पळवावी.