मदत हवी आहे: केथ्रीएसवर मेटलएलबी आयपी देतंय, पण लॅपटॉपवरून उघडत नाही
मंडळी, घरी तीन रास्पबेरी पाय ४ (छोटे कॉम्प्युटर) वर केथ्रीएस (कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटीसची हलकी आवृत्ती) टाकलंय, सोबत येणारं सर्व्हिसएलबी (सर्व्हिसना बाहेरून उघडता येणारा आयपी देणारं) बंद करून त्याच कामाचं मेटलएलबी लेयर २ मोडमध्ये लावलं, आयपी रेंजपण राउटर आपोआप वाटतो त्या (डीएचसीपी) रेंजबाहेरची दिलीये. ट्रॅफिकला (Traefik, बाहेरच्या विनंत्या आत पोचवणारा प्रॉक्सी) एक्स्टर्नल आयपी मिळतो, नोडवरून (म्हणजे पायवरूनच) कर्ल केलं की पान येतं पण लॅपटॉपवरून नुसता टाइमआउट. पाय वायफायवर आहेत (केबल ओढायला घरचे देत नाहीत 😅), एआरपीला ("हा आयपी कोणत्या मशीनचा?" या नेटवर्कवरच्या विचारणेला) उत्तरच जात नसेल का? वायफाय प्रॉमिस्क्युअस मोडवर (स्वतःसाठी नसलेली पॅकेटंही घेणारा मोड) टाकून कोणाचं चाललंय का, आणि रीबूटनंतर ते टिकवायचं कसं?

दुसरं, गिटला पुश केलं की आपोआप डिप्लॉय व्हायला हवं. त्यासाठीच्या आर्गो सीडी टूलचा डॅशबोर्ड भारीय पण ४ जीबी रॅमला जड जाईल असं वाटतंय, त्याच कामाचं फ्लक्स घेऊ का? वापरलंय त्यांनीच सांगा प्लीज.