मदत हवी आहे : वडील दोन वर्षं बोलत नाहीत, कारण 1 नोव्हेंबर

नमस्कार. बेळगावजवळच्या खेड्यातली आहे, सरकारी मराठी शाळेत शिकवते. आप्पा दोन वर्षं माझ्याशी बोललेले नाहीत. भांडण पैशाचं नाही, लग्नाचंही नाही (जावयाशी तासन्‌तास गप्पा मारतात).

आमच्याकडे 1 नोव्हेंबर दोन असतात. शाळेत कर्नाटकाचा राज्योत्सव आणि शहरात, हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा काळा दिन. 1956 साली याच तारखेला आम्ही म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) गेलो. मला आठवतं तेव्हापासून आप्पा काळा सदरा घालून मूक सायकल फेरीला जातात. 1986च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते वीस वर्षांचे होते. लाठीची खूण गुडघ्यावर अजून आहे. दर 1 जूनला आम्हा भावंडांना त्या आंदोलनातल्या हुतात्म्यांच्या हिंडलग्याच्या स्मारकाला न्यायचे.

मी पडले सरकारी नोकर, ध्वजवंदन चुकवता येत नाही. दोन वर्षांपूर्वी कन्नड झेंड्याच्या रंगांचं लाल-पिवळं उपरणं गळ्यात असलेला माझा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. संध्याकाळी फोन केला तर म्हणाले, "फोटो बघितलो." आणि ठेवून दिला.

आप्पा बाजारात कन्नड फर्डं बोलतात, पण वाचायला हट्टानं शिकले नाहीत. जमिनीचा उतारा मात्र कन्नडातच निघतो. आधी तो मी वाचून दाखवायचे. आता आई भाजीच्या पिशवीतून पाठवते, मी पाठीमागे पेन्सिलीनं मराठीत लिहून परत करते. गेल्या महिन्यात जुना उतारा पुन्हा हातात पडला. मी लिहिलेल्या 'पुर्वेस'मधला उकार लाल पेनानं दीर्घ केलेला! लहानपणी माझी शुद्धलेखनाची वही ते अशीच तपासायचे.

याला बोलणं म्हणायचं का? आई म्हणते, काही विचारू नकोस, उतारे बंद होतील. भाऊ पुण्यातून सांगतो, नोकरी सोड, इकडे ये. त्याचं काय जातंय सांगायला.

सीमाभागातल्या कुणाच्या घरात असं झालंय का, एका खोलीत समिती नि दुसरीत सरकारी पगार? आधी कोण बोललं? 'थोडा वेळ जाऊ दे' लिहू नका, दोन वर्षं तेच करतेय. माफी मी मागणार नाही, पोटासाठी उभी होते तिथं. पण दिवाळीला जायचंय, आप्पांच्या समोर बसायचंय. त्या ऊकाराचा विषय काढू, की त्यांनी जसा गुपचूप दुरुस्त केला तसाच राहू देऊ?